बाबांच्या घड्याळांसाठी कपाट: रत्नागिरी ते सावंतवाडी

पहिला दिवस: ठाणे ते रत्नागिरी

मांडवी एक्स्प्रेसमध्ये खिडकी मिळाली होती, तरी रोहा जाईपर्यंत मी बाहेर नीट पाहिलंच नाही. मांडीवर वही होती आणि तिच्यातलं कपाटाचं चित्र मी पाचव्यांदा खोडत होते. दोन फूट उंच, दीड फूट रुंद, आठ खण. त्यात बाबांची अकरा घड्याळं ठेवायची आहेत. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. घड्याळं मालवणजवळच्या आमच्या घरी आईपाशी आहेत आणि ती तिथून हलू नयेत असं तिचं म्हणणं आहे. मलाही ते पटतं. म्हणजे हे कपाट खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात टिकायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मी एक कपाट घेतलं होतं. मुंबईतल्या एका दुकानातून, बरेच पैसे मोजून. बाहेरून आरशासारखा काळा चकाकणारा रंग, आत गडद निळं मखमल, दाराला लोहचुंबक. दार लावताना असा काही गोड आवाज यायचा की तो ऐकायला मी ते तीनदा उघडून पाहिलं होतं. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याचे पाय फुगले, तळाच्या कडेचा रंग पापडासारखा उचलला आणि आत लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी दिसली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हळहळून गप्प बसले असते. पण आजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ काळं पडलं, आणि दोन पट्ट्यांच्या पितळी बकलांवर हिरवट बुरा धरला. तेव्हापासून मनात होतं की पुढचं कपाट स्वतः उभं राहून करून घ्यायचं.

गाडी दुपारी रत्नागिरीत पोचली. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होता. मधला वेळ थिबा राजवाड्यासाठी राखला होता, त्याला कारण लाकूडच.

ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 मधला, आणि 1916 साली राजा इथेच वारला. त्याचं राज्य गेलं त्यामागे राजकारण पुष्कळ होतं, पण निमित्त सागवानाचं. 1885 साली राजाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला मोठा दंड ठोठावला, कारण जंगलातून नेलेले ओंडके कंपनीने कमी दाखवले असा आरोप होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात युद्ध झालं आणि मंडाले पडलं. सागवानाच्या हिशेबावरून गादी गमावलेला राजा कोकणात आला, आणि त्याच्या वाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आज शंभराहून जास्त पावसाळे पाहून उभ्या आहेत. मी त्यांच्यासमोर बराच वेळ थांबले.

जुन्या दारांमध्ये मी एकच गोष्ट शोधत असते. चौकटीला आतून खोबण असते आणि मधली फळी त्या खोबणीत नुसती बसवलेली असते, डकवलेली नसते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. कोरड्या हवेतली फुटभर रुंद सागवानी फळी ओल्या हवेत तीन-चार मिलिमीटर वाढू शकते. तिला खोबणीत सरकायला जागा असेल तर ती फुगते आणि पुन्हा आक्रसते, दाराला कळतही नाही. डकवून टाकली तर एक तर ती तडकते, नाही तर चौकट उघडते.

दुसरा दिवस: रत्नागिरी ते मालवण

पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा. सागरी रस्त्याने दिवस गेला. नोव्हेंबरची हवा होती, कातळावरचं गवत सोनेरी झालेलं. भावाला विजयदुर्गला थांबायला लावलं. जवळच गिर्ये गावी वाघोटन खाडीच्या काठाला मराठा आरमाराची कातळात खोदलेली गोदी आहे. तिथे उभं राहिलं की जहाजाचं लाकूड आणि कपाटाचं लाकूड यांतला फरक लख्ख कळतो. होडीच्या फळ्या पाण्यात फुगाव्यात आणि फटी मिटाव्यात, हेच तिथे हवं असतं. कपाटात फुगणं हाच शत्रू.

भाऊ म्हणाला, "मग लाकूड हवंच कशाला? स्टीलचं घे." प्रश्न रास्त होता. संग्रहालयांतून पावडर कोटिंगची स्टीलची कपाटं वापरतात ती उगीच नाही, स्टीलमधून आम्ल सुटत नाही. पण आमच्या घरात रात्री हवा गार झाली की स्टीलवर दव धरतं. लाकूड ओल शोषून घेतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे आतल्या हवेला एकदम झटका बसत नाही. भावाला किती पटलं कोण जाणे, पुढे कुणकेश्वरपर्यंत तो काही बोलला नाही.

रात्री घरी पोचल्यावर जेवायच्या आधी एक काम उरकलं. सोबत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र होतं, त्याची परीक्षा घ्यायची होती. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी घातलं आणि ते झाकण यंत्रासोबत घट्ट डब्यात बंद केलं. ओल्या मिठावरची बंद हवा नेहमी 75 टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. आई म्हणाली, "मीठ कशाला वाया घालवतेस?" सांगितल्यावर तिने डब्याचं झाकण स्वतः दाबून पाहिलं.

तिसरा दिवस: घर

सकाळी यंत्राने 71 दाखवलं. म्हणजे त्याच्या आकड्यात चार मिळवायचे. मग पडवीत ठेवलं, तिथे 78. बाबांच्या खोलीत 74. नोव्हेंबरात ही गत, तर जुलैमध्ये नव्वदीच्या पुढे जाणार. घड्याळांना 50च्या आसपास बरं, फार तर 60. त्यावर चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी धरते आणि लोखंडी भागांना गंज. फार कोरडी हवाही नको, चामडं कडक होऊन तडकतं.

मग घड्याळं काढून आईच्या जुन्या सुती साडीवर मांडली. आठ एचएमटी, एक स्विस फाव्हर ल्युबा, एक सेलवर चालणारं क्वार्ट्झ आणि आजोबांचं चांदीचं. एचएमटीने 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. बाबांच्या पिढीसाठी पहिल्या पगाराचं घड्याळ म्हणजे बहुतेक वेळा हेच. त्यातलं बाबांचं 'जनता' नावाचं मॉडेल पांढऱ्या डायलचं, चावीचं, 17 ज्युएलचं, म्हणजे आत 17 खडे बसवलेलं. पायलट काळ्या डायलचं. कांचन सोनेरी, ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणारं, लग्नातलं. जानेवारी 2016 मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं तेव्हा बाबा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते. महाग घड्याळं नाहीत ही. पण महागड्या घड्याळासाठी जी काळजी घ्यायची तीच यांच्यासाठी घ्यायची, यात मला शंका नाही.

माझं रोजचं काम जुन्या कागदांच्या संवर्धनाचं. त्यामुळे कोणती वस्तू कोणाशेजारी ठेवायची हे माझ्या हाडात भिनलंय, आणि तरी घरी मीच मखमलाला भुलले, हे लागतं मनाला. 1973 साली ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी एक साधी चाचणी बसवली, ती आम्ही अजून वापरतो. कपाटात वापरायच्या पदार्थाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांच्या पट्ट्या एका बंद काचेच्या नळीत घालून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायच्या. चांदी काळवंडली तर गंधक, शिशावर पांढरं आलं तर आम्ल. जुन्या कपाटातलं मखमल आणि त्याच्या मागची चिकटवलेली फळी मी या चाचणीला लावली. चांदी आणि शिसं दोन्ही गेली.

कारण सरळ आहे. दाबीव फळीतला युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद ओल आणि उष्णता मिळाली की सुटत जातो, त्यातून निघालेल्या वायूचं फॉर्मिक आम्ल होतं आणि बंद कपाटात ते कुठे जाणार? लाकूडही निर्दोष नाही. प्रत्येक लाकडातून थोडं ॲसिटिक आम्ल सुटतं, ओकमधून तर खूपच. लोकरीच्या फेल्टमधून आणि रबरातून गंधक येतं, चांदीला ते मानवत नाही. दाबीव फळीला सरसकट दोष देणंही बरोबर नाही. युरोपातल्या नामांकित कारागिरांची कपाटंसुद्धा मकासार एबनी या गडद, महागड्या लाकडाचा पातळ पापुद्रा स्थिर फळीवर चढवून केलेली असतात, कारण फळी हलली नाही तरच त्यावरचे लॅकरचे, म्हणजे चकाकत्या रोगणाचे, थर तडकत नाहीत. पण ते कडेसकट सगळं बंद करतात. आमच्या कपाटाच्या तळाच्या कडा कोऱ्या होत्या, ओल तिथूनच चढली.

आत फिरत्या उशा असलेली, घड्याळ आपोआप भरणारी कपाटंही मिळतात. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना दिवसाला 650 ते 900 फेरे पुरतात. आमच्याकडे ऑटोमॅटिक एकच, बाकीची चावीची, त्यांना मोटर काय करणार? महिन्यातून एकदा चावी द्यायची, एक दिवस चालू द्यायची, आई ते करतेच आहे. क्वार्ट्झमधला सेल मात्र मी काढून टाकला, तो फुटला तर आतलं सगळं खातो.

दुपारी मेस्त्रीकाका आले. आमचा माजघराचा दरवाजा त्यांच्या वडिलांच्या हातचा. त्यांनी आधी जुनं कपाट उलटं केलं, खालून नख लावलं, मग नाक नेलं.

"ह्येका अजून डिंकाचो वास मारता गो बाय."

मग दाराचं चुंबक बोटाने दाखवून विचारलं, "ह्यां कित्याक?"

मी सांगितलं की ते मलाही नकोच. घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. साध्या पोलादी स्प्रिंगला चुंबक लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावायला लागतं. बाबांचं पायलट असंच धावत होतं आणि आम्ही ते बिघडलंय म्हणून बसलो होतो. मालवणातल्या घड्याळजीने मिनिटभरात त्यातलं चुंबकत्व उतरवून दिलं.

मेस्त्रीकाका हसले. "लाकडाची फिरती खुंटी करूया. सत्तर वर्सां टिकता."

माझं चित्र त्यांनी पाहिलं आणि बाजूच्या फळ्यांवर पेन्सिलीने फुली मारली. मी सलग रुंद फळी धरली होती. "पावसात लाकूड फुगता, उन्हात आकसता. तेका जागा ठेवूक व्हयी." थिबा राजवाड्यात मी तेच तर पाहून आले होते, आणि चित्रात विसरले होते.

कोणतं लाकूड, यावर संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं. मी सागवान म्हणत होते. त्यांनी मला मागल्या पडवीत नेलं. जुनं घर उतरवलं तेव्हाची फणसाची एक तुळई तिथे आडवी पडलेली आहे, लहानपणी आम्ही तिच्यावर बसून आंबे खायचो. साठ वर्षं तरी छपराखाली वाळलेलं लाकूड. त्यांनी पटाशीने कोपरा तासला, तर वर काळपट आणि आत हळदीसारखं पिवळं. फणसाच्या या रंगाने पूर्वी ब्रह्मदेशात भिक्षूंची वस्त्रं रंगवत. उजेडात तो हळूहळू मधासारखा तपकिरी होतो. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचा सांगाडा फणसाचा ठरला. खण मात्र शिवणीचे, कारण ती हलकी आणि ओलीने फार कमी हलते.

चौथा दिवस: सावंतवाडी

सकाळी कुडाळमार्गे सावंतवाडी. मोती तलावाच्या काठाने चालत आधी राजवाड्यात गेले. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे पत्ते, रंगवत होते. सावंतवाडीची ही कला संपत आली होती, ती 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत 10 रंग आणि प्रत्येकात 12 पानं, असे 120 गोल पत्ते. ते मी आधीही पाहिले होते, पण पत्त्यांची पेटी नीट पाहिली नव्हती. लाकडी, रंगवलेली, सरकत्या झाकणाची. झाकण खोबणीत सरकतं, ना बिजागरी ना कडी, गंजायला काही नाहीच. पत्त्यांवरही लाखेचा थर. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, रंगवायचे आणि वर लाख, हे या हवेतलं जुनं उत्तर आहे. नाजूक वस्तू दमट प्रदेशात कशी ठेवायची हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते एका पत्त्याच्या पेटीत करून ठेवलंय. माझ्या सर्वांत वरच्या खणाला बिजागरीचं झाकण होतं, ते मी तिथेच वहीत खोडलं आणि सरकतं केलं.

तिथून चितार आळीत. भाजी आणि फळं, पोळपाट-लाटणी, भोवरे, सगळीकडे लाल-पिवळा झगमगाट. एका दुकानामागे लेथ चालू होता, मी तिथे तासभर उभी राहिले. पूर्वी खेळण्यांना पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत, आता आंबा वगैरेही चालतं. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. ब्रश लागत नाही, पाणी नाही, वास नाही. मग कारागिराने केवड्याचं सुकं पान घेतलं आणि फिरत्या मुठीवर दाबलं. खरखरीत लाख पाहता पाहता काचेसारखी झाली. कपाटांच्या जाहिरातींत लॅकरचे किती थर दिले ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. इथे एकच थर होता, पण लाकडात शिरून बसलेला. नखाने खरवडून पाहिला, हलला नाही.

खणांसाठी आठ मुठी सांगितल्या. कारागिराने विचारलं, "रंग कोणता?" काळा म्हटल्यावर तो जरासा हिरमुसला, त्याच्याकडचा लाल खरोखर सुंदर होता. मग सात काळ्या आणि जनताच्या खणाची एक लाल, असं ठरलं. बाबांना लाल आवडायचा.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू. भावाला सांगत होते की उरुशी ही जपानी लाख ज्या झाडाच्या चिकापासून होते ते झाड आणि काजू एकाच कुळातले, आणि काजूच्या टरफलाच्या तेलापासून जपानमध्ये तसंच लाखकाम करतात. उरुशीचा गुण उलटा. बाकीची पॉलिशं कोरडी हवा मागतात, ही दमट हवेतच कडक होते. कोकणासाठीच जणू. आपल्याकडे ते तेल होड्यांना आणि वाशांना फासतात, पण कातडी भाजते त्याने आणि घड्याळाजवळ ते मी नेणार नाही.

पाचवा दिवस: घर आणि वखार

पहाटे तुळई टेम्पोत घालून वखारीत नेली. करवत लावण्याआधी मेस्त्रीकाकांनी तासभर खिळे शोधले, आठ निघाले. पहिली फळी पडली तेव्हा वखारीतली दोघंतिघं जवळ आली. एवढी पिवळी फळी हल्ली बघायला मिळत नाही म्हणाली. ओल मोजली, 15 टक्के. आमच्या हवेत लाकूड जिथे स्थिरावतं त्याच्या जवळपास. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत कपाट जायचं असतं तर हेच लाकूड नऊ-दहापर्यंत वाळवावं लागलं असतं, आणि इथे आणल्यावर ते फुगलं असतं. जिथे राहायचं तिथल्याच हवेत वाळवायचं, मेस्त्रीकाकांच्या वडिलांचा हाच नियम.

दुपारी त्यांनी शिवणीचा एक नमुन्याचा खण करून दाखवला. कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पाचरीसारख्या दात्यांचे सांधे, रंध्याने साफ केलेल्या बाजू, खिळा नाही. डव्हटेलची पाचर अशी कापलेली असते की खण ओढला तरी सांधा सुटत नाही. तळाची फळी खोबणीत सैल. एका जुन्या खोक्यात तो बसवून त्यांनी मला ढकलायला सांगितलं. शेवटच्या बोटभर अंतरात खण हळू झाला, आतली हवा दाबली गेली आणि तो फुस्स करत बसला. एवढ्या अचूक बसणाऱ्या खणालाच सिलिका जेलचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा, उपयोग, नाहीतर ते सगळ्या पडवीची हवा वाळवत बसतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की भट्टीत गरम करून पुन्हा वापरायचे, आईला दाखवून ठेवलंय.

आतून काय लावायचं ते वहीत पक्कं केलं: चपडा लाखेची फ्रेंच पॉलिश आणि ती महिनाभर उघड्यावर सुकवून घ्यायची. त्यावर ॲल्युमिनियमचा थर असलेला कागद, आणि त्यावर धुऊन खळ काढलेलं, न रंगवलेलं सुती कापड, गोंदाशिवाय, कडेने टाचून. पट्ट्या सरळ ठेवायच्या, वळवून नाही. स्क्रू पितळी. मखमल नाही, हे आईला थोडं खटकलं. तिला निळं आवडलं होतं.

आणि मग मेस्त्रीकाकांनी सांगितलं की कपाट माघाआधी सुरू होणार नाही. फळ्या निदान दोन महिने पडवीत राहायला हव्यात. कापल्यावर लाकडाचा आतला ताण सुटतो, काही फळ्या वाकतील, त्या आत्ताच वाकू देत. पॉलिशही फाल्गुन-चैत्रातच, दमट दिवशी केली तर ती पांढुरकी पडते. मला रविवारी परत जायचं होतं आणि निदान सांगाडा तरी पाहून जायची आशा होती. पण त्यांचं खरं होतं.

तोवर घड्याळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सुती कापडात, जेलच्या पुडीसोबत ठेवली. जनताला आईने चावी दिली आणि ते बाहेरच राहू दिलं, तिच्या उशाशी.

संध्याकाळी आम्ही चौघांनी फळ्या रचल्या. दर दोन फळ्यांमध्ये बोटाएवढ्या जाड पट्ट्या, एकाखाली एक, सरळ रेषेत. टोकांना मेण लावलं, तिथून लाकूड लवकर सुकतं आणि फाटतं. सगळं झाल्यावर आईने आतून एक जुनी गोधडी आणून रचलेल्या फळ्यांवर नीट पांघरली.

मेस्त्रीकाकांनी ती उचलून तिच्या हातात परत दिली. "हवा लागूक व्हयी, वयनी."